ओम्नी घाटात तापली, तर...

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिची ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. गावोगावी ती अजून धावते. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे ते तापल्याचं तापमानाच्या काट्याआधी बऱ्याचदा बसणाऱ्यालाच कळतं. काटा चढला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गार होईपर्यंत उघडू नका. दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं पाणी झाकण फिरवताच वाफ होऊन उसळतं. अर्धा तास तरी थांबा.

गाडी कधी तापते, यावरून निम्मं निदान होतं. ट्रॅफिकमध्ये तापते, पळताना नाही? मग पंखा, त्याचा फ्यूज किंवा स्विच बघा. चढावर किंवा वेगात तापते? रेडिएटर चोंदला असेल, नाहीतर थर्मोस्टॅट अडकला असेल. (काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात; ती दुरुस्ती नव्हे.) बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात, म्हणून कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतंय आणि ऑइल दुधाळ झालंय, तर बहुधा हेड गॅस्केट गेलं. अशी गाडी टो करूनच गॅरेजला न्या.