रानवाटेवरची शास्त्रं – भाग ७ : नकाशावरचे ठिपके

पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा कसा आणि त्यासाठी ट्रॅप कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर का बांधायचे, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. वाघ किती आहेत ते कॅमेरा सांगतो. ते जातात कुठे, हे कळायला वन्यजीव अभ्यासकाला वाघाच्या मागावरच राहावं लागतं.

त्यासाठी वर्धा जिल्ह्यात, हिंगणीजवळच्या बोर धरणाकडे चला. इथलं सागाचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. तेव्हा त्याचं क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर होतं. देशातल्या सगळ्यांत लहान प्रकल्पांत त्याची गणना व्हायची. वयात आलेल्या वाघाला आईचा इलाखा सोडावाच लागतो आणि बोरमधून निघालेला वाघ पाहता पाहता कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वावरात पोचतो.

२०१७ च्या जुलैअखेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक तरुण वाघीण बोरमध्ये सोडली गेली. कागदोपत्री तिचं नाव टी-२७ सी-१, म्हणजे टी-२७ या वाघिणीचं पहिलं पिल्लू. गळ्यात रेडिओ कॉलर होती. ही कॉलर दोन कामं करते. ठरावीक तासांनी जागेची नोंद घेऊन ती उपग्रहामार्फत पाठवते आणि जवळपास अँटेना घेऊन फिरणाऱ्याला टिक-टिक ऐकवते. नकाशावर एकेक ठिपका उमटत जातो. ठिपके लांब लांब पडले, तर जनावर चाललंय. एकाच जागी दाटले, तर बहुधा शिकार झाली आहे. मग वाघ तिथून हलल्याची खात्री करून अभ्यासक जागेवर जातो. हाडं, केस, विष्ठा गोळा करतो. रोही होता, रानडुक्कर होतं की कुणाची गाय, याचा निकाल तिथे लागतो.

या वाघिणीचे ठिपके बोरमध्ये थांबलेच नाहीत. अडीच महिन्यांत ती सुमारे ५०० किलोमीटर फिरली. तिच्या हल्ल्यांत माणसंही दगावली. तिला गोळी घालण्याच्या आदेशावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्कामोर्तब केलं. पण १४ ऑक्टोबरला कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात ती मेली, ती गोळीने नव्हे. रानडुकरांपासून पीक वाचवायला तारेत करंट सोडला होता. त्याच वर्षी डिसेंबरात बोरचा प्रसिद्ध वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाखाली सापडला. दोन्ही मृत्यू प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचे.

बाहेर पडलेला प्रत्येक वाघ मरतोच असं नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या डॉ. बिलाल हबीब यांच्या चमूने कॉलर लावलेला टी-१ सी-१ सुमारे ३००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेत शेतं, नाले, रस्ते, वस्त्या लागल्या. अशा ठिपक्यांवरूनच वाघ महामार्ग कुठे ओलांडतात ते कळतं आणि भुयारी मार्ग कुठे हवा, हे पुराव्यानिशी सांगता येतं.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. डेहराडूनच्या याच संस्थेत वन्यजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते. संख्याशास्त्र, नकाशे, कॉलर सगळं शिकता येतं. पण विदर्भात निम्मं काम धुऱ्यावर उभं राहून करावं लागतं. रात्रभर जागल करूनही डुकरांनी वावर उलथलं, तर शेतकरी करंटच सोडणार. त्याला नुसता कायदा सांगून भागत नाही. सौरकुंपण क्षणभराचा झटका देऊन जनावर परतवतं, तर थेट वीजवाहिनीवरून घेतलेला करंट वाघ, बैल, माणूस काहीच बघत नाही. हा फरक त्याला पटवायचा आणि कुंपणाचं अनुदान, पिकाची भरपाई वेळेत मिळावी म्हणून वनखात्याच्या मागे लागायचं, हेही वाघाच्याच संशोधनात धरायला हवं.

(पुढील भागात : विष्ठेवरून वाघाचा आहार कसा ओळखतात?)