सुईची भीती आणि एकादशीचा धडा

"एकदा सुई लागली की माणूस संपला!" तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी इन्शुलिनचं नाव काढलं आणि सासूबाईंनी दवाखान्यातच ऐकवलं. दहा वर्षं गोळ्या चालू होत्या, तरी उपाशीपोटीची साखर २४० वर. वजन उतरत चाललेलं, रात्री चार-चारदा उठणं. "गोड सोडते, पण सुई नको," एवढंच त्यांचं म्हणणं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, ही शिक्षा नाही. शरीरात तयार होणारं इन्शुलिन आता कमी पडतंय, ते बाहेरून द्यायचं." १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं, त्याआधी अशी मुलं फार जगत नसत, हेही त्यांनी सांगितलं. सासूबाई गप्प झाल्या.

सुरुवात झाली रात्री झोपताना १० युनिटने. रोज सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचून साखर बघायची, वहीत लिहायची. तीन दिवस आकडा १३० च्या वर राहिला, तर डॉक्टरांना फोन करून दोन युनिट वाढवायचे. पोटावर, बेंबीपासून थोडं दूर, रोज जागा बदलून. पहिल्या दिवशी हात माझाच थरथरला. सासूबाई म्हणाल्या, "झालं? मला कळलंसुद्धा नाही!" तीन आठवड्यांत २२ युनिटवर आलो आणि साखर १२५ वर. मला वाटलं, जिंकलो.

मग एकादशी आली. त्यांनी दिवसभर उपास केला, रात्रीही काही खाल्लं नाही. मी मात्र नेहमीप्रमाणे पूर्ण डोस दिला. पहाटे हाक आली, "अगं, जीव घाबरा होतोय." अंग घामाने चिंब, हात थरथरत होते. साखर ५८! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८२. मग दूध-पोळी खायला दिली. देवाच्या कृपेने त्या शुद्धीवर होत्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

सकाळी डॉक्टरांनी डोस १८ वर आणला आणि विचारलं, "उपासाचं आधी का नाही सांगितलंत?" चूक माझीच होती. मला वाढवायचं कळलं होतं, कमी करायचंही असतं हे कळलं नव्हतं.

मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट. इन्शुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलेलं असेल तर सिरिंजही ४० चीच, लाल टोपणाची हवी. १०० साठी नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली, तर डोसात अडीचपट फरक पडतो. मेडिकलवाल्याला दोन्ही दाखवूनच घ्या. बाटली फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

आज सासूबाईंच्या उशाशी साखरेची पुडी असते. उपासाच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच म्हणतात, "डॉक्टरांना फोन लाव गं." आणि भजनी मंडळात कुणी सुईचं नाव काढून डोळ्यांत पाणी आणलं, की आमच्या सासूबाई पुढे सरसावतात, "रडतेस काय? मी नाही का तुझ्यासमोर बसलेय!"