रिकाम्या हाताने येणाऱ्याचा वाटा

'टॉरेंट' हा शब्द आपल्याकडे चोरीचा समानार्थी झाला आहे. विद्यार्थ्याच्या तोंडून तो निघाला की शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. पोराने काय उतरवले, कोणाच्या परवानगीने उतरवले, हे कोणी विचारीत नाही. साधनाच्या नावावरूनच निकाल लागतो. १८७१ च्या कायद्याने या देशातील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का लोकांच्या नजरेतून आजही गेलेला नाही. हा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी कोणताही शिक्का तपासल्याशिवाय स्वीकारू नये. माणसाच्या बाबतीत तर नाहीच, साधनाच्या बाबतीतही नाही.

या लेखात मी एवढेच मांडणार आहे की संगणकावरचे गेम पूर्णपणे कायदेशीर मार्गाने एकमेकांना वाटण्यासाठी हे तंत्र कसे वापरता येते, आणि घोडेगावसारख्या ठिकाणी त्याला काही अर्थ आहे का.

आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतील, पोरांच्या खेळापायी एवढी शाई कशाला? प्रश्न रास्त आहे. पण सुखवस्तू घरातल्या मुलाची संगणकाशी ओळख खेळातून होते. तो यंत्राला भीत नाही, कारण त्याने ते आधी खेळून पाहिलेले असते. आमच्या मुलाची ओळख शिष्यवृत्तीच्या ऑनलाईन अर्जातून होते. तिथे एक अक्षर चुकले तर वर्ष जाते. एकाला यंत्र खेळगडी म्हणून भेटते, दुसऱ्याला साहेब म्हणून. पहिल्या पिढीतल्या शिक्षित मुलाच्या मनातील ही भीती लहान गोष्ट नाही.

एक उदाहरण घेऊ. 'झिरो ए. डी.' नावाचा एक गेम आहे. 'वाईल्डफायर गेम्स' या नावाखाली जगभरातले स्वयंसेवक तो तयार करतात. २००९ साली त्याचा आतला मजकूर, म्हणजे ज्या आज्ञांवर तो चालतो त्या, सर्वांसाठी खुल्या झाल्या. प्राचीन राज्यांच्या या खेळात मौर्यांचेही राज्य आहे आणि त्यात सम्राट अशोक आहे. खेळ युद्धाचा आहे हे खरे. पण एखाद्या विद्यार्थिनीने विचारले की कलिंगानंतरचा अशोक यात का दिसत नाही, तर तिला तो खेळ उघडून बदलण्याचा अधिकार आहे. बदललेली प्रत ती दुसऱ्याला देऊ शकते. हा अधिकार परवान्यानेच दिलेला आहे. फुकट मिळणे आणि मोकळे असणे यात हाच फरक आहे. पुष्कळ गेम फुकट मिळतात, पण त्यांची प्रत पुढे देण्याची मोकळीक मालक ठेवीत नाही.

आता अडचण पाहू. असा गेम एक जीबीच्या आसपास भरतो. तो ज्या संगणकावर ठेवलेला असतो त्याला सर्व्हर म्हणतात. ही व्यवस्था धरणासारखी आहे. डिंभ्याचे पाणी कालव्याने खाली जाते तेव्हा टेलाच्या शेतकऱ्याला ते कसे आणि केव्हा मिळते हे इथे कोणाला सांगायला नको. मागणारे वाढले की प्रत्येकाची धार बारीक होते. हिशेब करू. एका संगणकाची लाईन सेकंदाला १० मेगाबिट बाहेर देते. एक जीबीची एक प्रत द्यायला तिला ८०० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वातेरा मिनिटे लागतील. ६३ विद्यार्थ्यांना देण्यास १४ तास लागतील.

पण ज्याला प्रत मिळाली त्यानेही पुढे द्यायला सुरुवात केली तर? तेवढ्याच ताकदीच्या लाईनवर एकाचे दोन होतील, दोनाचे चार, चाराचे आठ. सहाव्या फेरीला ६४ प्रती होतात. एकूण वेळ ८० मिनिटे. पहिल्या संगणकाचा भार वाढला नाही, घेणारेच देणारे झाले.

ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने २००१ साली 'बिटटॉरेंट' तयार केले ते याच तत्त्वावर. त्यात पूर्ण प्रत मिळेपर्यंत थांबावेही लागत नाही. फाईलचे लहान लहान तुकडे पाडतात. माझ्याजवळ पाचवा तुकडा आला की तो मी तुम्हांला देतो आणि तुमच्याजवळचा नववा घेतो. जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी मागायचा, म्हणजे तो नाहीसा होत नाही. प्रत्येक तुकड्याला अंगठ्याच्या ठशासारखी एक गणिती खूण असते. कोणी तुकड्यात भेसळ केली तर खूण जुळत नाही आणि तो टाकून दिला जातो. टॉरेंट फाईलमध्ये गेम नसतोच. तिच्यात या खुणांची यादी आणि तुकडे कोणाकडे मिळतील याचा माग असतो.

आपल्या भागात ही कल्पना नवी नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात उतारावरच्या जमिनीत बांध घालून भातखाचरे करण्याचे काम वाडीतली माणसे एकमेकांच्या शेतात पाळीने जाऊन करीत आली, त्याला पडकई म्हणतात. देशावर तिलाच जवळची सावड आहे. मात्र ग्रामजीवनाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ज्याच्याजवळ बैल होता, जमीन होती, तोच सावडीत बसे. ज्याच्याजवळ काहीच नव्हते तो गावकीची कामे करी आणि बलुत्यासाठी उभा राही. देवाणघेवाणीचा नियम कितीही न्याय्य असला तरी रिकाम्या हाताच्या माणसाला त्यात शिरायला दार नव्हते.

बिटटॉरेंटचा मूळ नियमही 'देशील तर घेशील' असाच आहे. जो जास्त देतो त्याला जास्त मिळते. मग जो आत्ताच आला, ज्याच्याजवळ एकही तुकडा नाही, त्याने काय करायचे? कोहेनने त्यासाठी दुसरा नियम केला. दर तीस सेकंदांनी प्रत्येक संगणक कोणताही हिशेब न पाहता एकाला निवडतो आणि त्याला देतो. रिकाम्या हाताने आलेल्याला असा पहिला तुकडा मिळतो आणि तो देणाऱ्यांच्या रांगेत येतो. ही दया नव्हे, कारण तो आत आला नाही तर सगळ्यांचेच वाटप मंदावते. त्याचा प्रवेश कोणाच्या मर्जीवर ठेवलेला नाही, तो नियमात लिहिलेला आहे. आरक्षणाला भीक म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

हे तंत्र चोरट्यांनीच वापरले असेही नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम २००४ साली आला आणि ब्लिझार्ड कंपनीने त्याच्या सुधारणा याच पद्धतीने लाखो खेळाडूंना पोहोचवल्या. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर या पद्धतीने वाटप करण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे.

मग कायदा कोठे आडवा येतो? १९५७ च्या कॉपीराईट कायद्याचे कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद सांगते. २०१६ साली बंद केलेल्या संकेतस्थळांवर असा इशारा झळकला की नुसते पाहिले तरी तुरुंग. 'डिशूम' चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे प्रकरण होते. त्यांनी स्पष्ट केले की नुसते पाहणे हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणे, जाहीर दाखवणे, विकणे हा आहे. पण टॉरेंटमध्ये घेता घेताच देणे चालू असते, हे लक्षात ठेवा. म्हणून परवानगी नसलेली वस्तू तिथे उतरवणारा आपोआप वाटणाराही होतो. दुसऱ्या बाजूला २०१७ च्या ऑगस्टमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने हजारो संकेतस्थळे बंद झाली, त्यांत 'इंटरनेट आर्काईव्ह' हे मोठे ग्रंथालयही सापडले. शिक्का सरसकट मारला की असेच होते.

तेव्हा कसोटी साधनाची नाही, परवान्याची आहे. टॉरेंट फाईल गेम करणाऱ्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. परवाना वाचावा, मुलांना वाचून दाखवावा. 'जुना झाला, आता कोण विचारतो' ही समजूत खोटी आहे. कंपनी बुडाली म्हणून हक्क संपत नाही.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. मोबाईलच्या पॅकवर दिलेला डेटाही मोजला जातो, म्हणून दररोज दीड जीबी मिळणाऱ्या मुलाला दानशूर व्हायला सांगणे हा अन्याय आहे. मोबाईलच्या जाळ्यात बाहेरून थेट जोडणी सहसा पोहोचत नाही, त्यामुळे दोन फोन एकमेकांना सापडणे कठीण. शिवाय पूर्ण प्रत असलेला संगणक कोठेतरी चालू असावा लागतो. सगळ्यांनी घेऊन दिवा मालवला की फाईल मेली. आणि नियमाला जात कळत नसली तरी संगणक कोणाच्या घरात आहे, वीज कोणाच्या वाडीवर टिकते, हे जातच बऱ्याच अंशी ठरवते. यंत्र समता आणील या भ्रमात कोणी राहू नये.

म्हणून सुरुवात एकेका घरातून नव्हे, एका खोलीतून व्हावी. शाळा, वसतिगृह किंवा वाचनालयातला एक संगणक गेम एकदाच बाहेरून उतरवील. खोलीतले बाकीचे संगणक तो स्थानिक जाळ्यावर एकमेकांकडून घेतील, तिथे डेटा मोजला जात नाही. आहुपे खोऱ्यातला मुलगा सुटीला घरी जाताना पेन ड्राईव्हवर तोच गेम नेईल, परवाना त्याला अडवीत नाही. वसतिगृहातल्या त्या संगणकाची जबाबदारी शिपायावर किंवा सरांवर न टाकता मुलामुलींनी पाळीपाळीने घ्यावी. घ्यायला आलेल्या मुलाला आपणही कोणाला काही देऊ शकतो हे तिथे कळेल. आजवर त्याला फक्त 'लाभार्थी' म्हणूनच ओळखले गेले आहे.