बाजार आमटी

बाजार आमटी हा सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यातील करकंब या गावाचा प्रसिद्ध खाद्यपदार्थ आहे. अनेक डाळी एकत्र शिजवून केलेली ही झणझणीत, पातळ आमटी ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. तिचे नाव आठवडी बाजारावरून पडले आहे.

साहित्य
तूर, हरभरा, मूग, मसूर व उडीद या डाळी, कांदा, सुके खोबरे, लसूण, आले, कोथिंबीर, काळा मसाला, तिखट, हळद, मीठ व तेल. डाळींचे प्रमाण घरोघरी बदलते. चार माणसांसाठी सर्व डाळी मिळून एक वाटी पुरेशा होतात.

कृती
डाळी धुऊन, हळद घालून मऊ शिजवतात व घोटतात. कांदा व खोबरे खरपूस भाजून लसूण, आले, कोथिंबिरीसह बारीक वाटतात. हे वाटण तेल सुटेपर्यंत परततात. त्यात तिखट, काळा मसाला, घोटलेली डाळ, मीठ व पाच-सहा वाट्या गरम पाणी घालून आमटी मंद आचेवर उकळू देतात. वर तेलाचा तवंग आला की ती तयार होते. खाताना भाकरी आमटीत कुस्करतात.

वैशिष्ट्ये
या आमटीत भाजी लागत नाही. बहुतेक जिन्नस टिकाऊ असल्याने अवर्षणप्रवण भागातही ती कोणत्याही ऋतूत करता येते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, तर डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन. त्यामुळे भाकरी व आमटी एकत्र खाल्ल्यास एकीची उणीव दुसरी भरून काढते.