मिरगी : मेंदूतील नव्या पेशी वाट चुकतात तेव्हा

तेल्हाऱ्याच्या बाजारात एखाद्या मुलाला फिट येते. गर्दी जमते. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, तर कोणी दातांत चमचा घालू पाहतो. दोन मिनिटांत मूल शांत होते आणि श्रेय कांद्याला मिळते! वास्तविक बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. पण फिट थांबली नाही तर मेंदूत काय घडते, हे समजून घेणे जरुरीचे आहे.

आपल्या मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युतसंदेशांनी एकमेकींशी बोलतात. असंख्य पेशी एकाच वेळी बेताल झाल्या की झटके येतात. असे झटके वारंवार येणे म्हणजेच मिरगी, फेफरे किंवा अपस्मार. जन्मवेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्या ही तिची काही कारणे. बाहेरची बाधा हे कारण नव्हे.

जन्मानंतर मेंदूत नवी पेशी तयार होत नाही, असा समज पूर्वी होता. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जोसेफ आल्टमन यांनी उंदरांमध्ये तो खोटा ठरविला. १९९८ साली प्रौढ माणसाच्या मेंदूतही नव्या पेशी आढळल्या. मात्र त्या किती प्रमाणात तयार होतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. या पेशी मेंदूच्या 'हिप्पोकॅम्पस' नावाच्या भागात जन्मतात. कानशिलाच्या आतल्या बाजूचा हा भाग स्मरणशक्तीचे ठाणेच होय.

तेथील पेशींचे काम आपल्या वान धरणाच्या दरवाजांसारखे असते. दरवाजे बेताने पाणी सोडतात. या पेशी बेताने संदेश पुढे जाऊ देतात. १९९७ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसले, की दीर्घकाळ चाललेल्या फिटनंतर नव्या पेशी एकदम जास्त निपजतात. पण त्यांतील काही भलत्याच जागी जातात. तासात पेरलेली सरकी धुऱ्यावर उगवावी, तसे हे होते. त्यांच्या फांद्या नको तेथे जोडल्या जातात, दरवाजा ढिला पडतो आणि पुढच्या फिटला वाट मिळते. २०१५ साली उंदरांवरच्याच दुसऱ्या प्रयोगात या नव्या पेशी आधीच रोखल्या, तेव्हा नंतरच्या फिट सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या.

माणसात हे सारे असेच घडते, असे अजून सिद्ध झालेले नाही. तरी शस्त्रक्रियेत काढलेल्या मिरगीग्रस्त हिप्पोकॅम्पसमध्ये याच जातीच्या पेशी विस्कटलेल्या दिसतात. या पेशींना वळणावर आणणारे औषध मात्र आज उपलब्ध नाही.

मग आपण काय करावे? एखाद्या छोट्या फिटने मेंदू खराब होत नाही, घाबरू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. अशा वेळी मांत्रिकाकडे जाण्यात दवडलेला प्रत्येक क्षण महागात पडतो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट नियमित औषधांनी आटोक्यात येतात. 'सहा महिन्यांत फिट नाही, आता गोळ्या कशाला?' असे म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. एकदम बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते. लग्नसराईत तर मुलीच्या गोळ्या सासरी कळू नयेत म्हणून बंद केल्या जातात आणि चार दिवसांत तिला मांडवातून दवाखान्यात न्यावे लागते. वाचकहो, लग्नाच्या कायद्यातील मिरगीची अट १९९९ सालीच काढून टाकण्यात आली. आजार आधी मोकळेपणाने सांगावा, म्हणजे गोळी लपवावी लागत नाही. बाळंतपणाचा विचार असेल, तर औषधात काय बदल करायचा ते डॉक्टरांना आधीच विचारावे.

लेकीच्या आंदणाच्या यादीत दागिन्यांबरोबर तिच्या गोळ्यांचीही नोंद असू द्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही.