दहा चाकी ट्रकची अकरा चाकं

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. इथल्या मुलांना ट्रक पुस्तकातून शिकवावा लागत नाही. सहा चाकी कोणता, दहा चाकी कोणता, हे ती लांबूनच सांगतात. अशा पोरांच्या हातात आपण घरी केलेला लाकडी ट्रक देतो आणि त्याला चार गुळगुळीत चकत्या ठोकलेल्या असल्या की ती नाक मुरडतात. त्यांचं चुकत नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला साध्या चकत्या चालतात, कारण बैलाला मुळात चाकंच नसतात. ट्रकचं तसं नाही.

चाक घडवणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाढयाच्या घरचं काम. मधे तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर लाकडी पाट्यांचं कडं आणि वरून लोखंडी धाव. धाव मुद्दाम किंचित लहान करायची, आगीत तापवून मोठी झाली की चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. एवढी शहाणी विद्या, पण गावगाड्यात ती जातीच्या कुंपणातच राहिली. जात ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात मांडलं आणि १९३६ साली ते स्वतः छापलं. आज बैलगाडीलाही रबरी टायर आले आहेत. आपल्या मुलांनी, आणि मुलींनीही, करवत हातात धरायला आता कुणाची परवानगी नको.

आधी खरं चाक नीट बघायला लावा. ट्रकला १०.००-२० या मापाचा टायर सर्रास असतो. त्याची उंची साधारण १०५ सेंटीमीटर आणि रुंदी २८, म्हणजे उंचीच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास. आपलं चाक ५ सेंटीमीटरचं केलं तर जाडी सव्वा ते दीड सेंटीमीटर हवी. पातळ चाक लावलं की ट्रकचा टांगा होतो. पुढे दोनच चाकं आणि त्यांची तबकडी बाहेर फुगलेली. मागे एकेका बाजूला जोडचाकं आणि बाहेरच्या चाकाची तबकडी आत खोल गेलेली. पुढच्या टायरवर गोल फिरणाऱ्या सरळ रेघा असतात, मागच्यांवर बहुधा आडवे जाड खाचे. एवढं जमलं तरी पोरं म्हणतील, हा खरा.

झाडाची गोल फांदी कापून चकत्या पाडायचा मोह होतो. तो टाळा. लाकूड सुकताना वर्तुळाच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं, म्हणून अशी चकती केंद्रापासून कडेपर्यंत उलते. त्यापेक्षा सुक्या सागाच्या फळीचा तुकडा घ्या. वाढयाच्या दुकानात असे तुकडे पडलेलेच असतात. कंपासने वर्तुळ काढा, पण करवत लावण्याआधी मधलं भोक पाडा. कापल्यावर केंद्र शोधत बसलं की चाक लंगडतं. मग बोल्टवर घट्ट बसवून ड्रिल मशीनमध्ये फिरवा आणि पॉलिश पेपर लावा. हे काम मोठ्यांनीच करावं, मशीन शिकंज्यात पक्की धरून. आतली खोल तबकडी पटाशीने कोरता येते. पुढच्या चाकाला मात्र एक लहान चकती वरून चिकटवली की पुरे.

खाचे कानशीने पडतात. पण खेळून खेळून झिजणाऱ्या ट्रकला आम्ही वेगळा उपाय सुचवू: सायकलच्या जुन्या ट्यूबची आडवी कडी कापा आणि ताणून चाकावर चढवा. लोहार धाव तापवून चढवतो, इथे हाताने ताणायचं, पण आवळून धरण्याची युक्ती तीच.

रंगाची काळजी घ्या. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावं, असा नियम २०१७ पासून लागू आहे. गॅरेजमधला उरलेला रंग म्हणून फुकट मिळाला तरी घेऊ नये. मूल खेळणं तोंडात घालतंच, आणि शिसं त्याच्या मेंदूला इजा करतं. घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर चाक चार सेंटीमीटरहून लहान करू नका. निसटलं तर घशात अडकेल.

आसाला सायकलचा स्पोक उत्तम: एका टोकाला त्याचंच निपल, दुसरं टोक पक्कडीने वाकवायचं. भोक स्पोकपेक्षा थोडं सैल ठेवा, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं फिरेल आणि वळणावर घासणार नाही. तेल घालू नका, मेणबत्ती घासा. जोडचाकांच्या मधे एक वायसर घाला.

दहा चाकं झाली. आता अकरावं राहिलं, ते खाली टांगायचं. स्टेपनीशिवाय गाडी रस्त्यावर निघत नाही, हे तळेगावच्या फाट्यावरचं कुठलंही पोर तुम्हाला सांगेल.