घरातला हवेचा मीटर नक्की काय मोजतो?

"डॉक्टर, काल संध्याकाळी मीटर १८० दाखवत होता. आईला पंपाचे दोन पफ जास्त देऊ का?" दम्याच्या रुग्णांचे नातेवाईक हल्ली असे विचारतात. मी आधी उलट विचारतो, १८० काय?

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. मोठे कण बहुतांशी नाकाघशात अडकतात, हे बारीक कण मात्र फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. एक घनमीटर हवेत त्यांचे वजन किती मायक्रोग्रॅम, हे झाले प्रमाण. भारतात २४ तासांच्या सरासरीसाठी त्याची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सुचवली.

एक्यूआय हा वेगळा आकडा. पीएम २.५ चे प्रमाण ९० असेल तर भारतीय एक्यूआय २०० येतो. म्हणजे १८० हा एक्यूआय असेल तर हवा 'मध्यम' गटात, पण १८० मायक्रोग्रॅम असतील तर 'अतिशय खराब'! काही मीटर आणि अ‍ॅप अमेरिकी एक्यूआय दाखवतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. शिवाय सरकारी एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तुमचा मीटर या क्षणाचे सांगतो.

मोजण्याची पद्धतही निराळी. अनेक सरकारी केंद्रांत हवा फिल्टरच्या पट्टीतून ओढतात आणि पट्टीवर साचलेल्या कणांमुळे बीटा किरण किती अडले, त्यावरून वजन काढतात. हवा दमट असेल तर ती आधी तापवून कोरडी करतात. घरगुती मीटरमध्ये छोटा पंखा आणि लेझर असतो. कणांवर आपटून प्रकाश किती विखुरला, त्यावरून तो वजनाचा अंदाज बांधतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही कण म्हणून धरले जातात आणि आकडा फुगतो. उलट, साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान कण त्याला नीट दिसतच नाहीत.

त्या आजींचा मीटर स्वयंपाकघराच्या दाराशी होता. वाफेने चढलेला आकडा फसवा असतो, पण फोडणीच्या किंवा उदबत्तीच्या धुराने चढलेला खरा. अशा वेळी एक्झॉस्ट फॅन लावा, रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा. मीटर बाथरूमपासून लांब, रुग्ण जिथे जास्त वेळ असतो तिथे, बसल्यावर नाक येते त्या उंचीवर ठेवा. एका आकड्यापेक्षा तासाभरात तो चढतो की उतरतो ते पाहा. बाहेरची हवा वाईट असेल तर फिरणे पुढे ढकला. मास्क घालायचाच तर घट्ट बसणारा एन-९५ घाला, रुमालाचा उपयोग फारसा होत नाही.

औषधाचा डोस मात्र मीटर पाहून बदलू नका. तो लक्षणांवर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचनांवर ठरतो. धाप लागून वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम नसेल, तर मीटरवर २० असले तरी लगेच रुग्णालय गाठा.